जुन्या संगणकास नवी कार्यप्रणाली देण्यापूर्वीं

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी वडीगोद्रीहून मुद्दाम आमच्याकडे आला. अंबडकडून येणारा रस्ता धुळें-सोलापूर महामार्गास जेथें मिळतो तेथें हें गांव आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊकच आहे. रस्त्याच्या कडेस या मुलाच्या वडिलांचें अर्ज भरून देण्याचें व छपाईचें लहानसें दुकान असून घरीं एक संगणक आहे. "विंडोज-दहाचा काळ संपला, हें यंत्र आतां मोडींत काढा आणि नवें घ्या," असें कोणी एका दुरुस्तीवाल्यानें सांगितल्यामुळें घरांत चिंता पडली होती. मुलाचा बेत असा कीं, नवें यंत्र न घेतां याच यंत्रावर आपण स्वतः विंडोज-अकरा बसवावी, आणि तें काम एका दुपारींत उरकावें. आम्हीं त्यास विचारिलें, "त्या यंत्रांत आहे तरी काय?" तो म्हणाला, "विशेष कांहीं नाहीं, सर. फोटो आहेत, गाणीं आहेत, आणि आजोबांनीं टाइप केलेल्या ओव्या आहेत."

हें शेवटचें वाक्य त्यानें जितक्या सहज उच्चारिलें तितक्या सहज तें आमच्यानें ऐकवलें नाहीं. त्याचे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं आपल्या पत्नीच्या आणि आसपासच्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकून वह्यांत उतरून घेतल्या, आणि २००६ पासून त्या संगणकावर टाइप करावयास आरंभ केला. ते आतां हयात नाहींत. वह्या वाळवीनें खाल्ल्या. तेव्हां त्या ओव्यांचें जें कांहीं उरलें होतें तें सर्व त्या एका यंत्रांत होतें, आणि मुलगा तेंच यंत्र पुसून टाकावयास निघाला होता. त्याच्या हातून जें काम पुढें झालें त्याची हकीकत येथें देत आहों. कारण अशीं यंत्रें अनेक घरीं आहेत.

आरंभीं थोडें कार्यप्रणालीविषयीं. संगणकाचें यंत्र ही शाळेची इमारत मानली, तर कार्यप्रणाली म्हणजे शाळेची व्यवस्था होय. घंटा केव्हां द्यावयाची, कोणत्या वर्गानें कोणत्या खोलींत बसावयाचें, परक्या मनुष्यास फाटकांतून आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें सर्व ती ठरविते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज-दहा ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर काढिली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची सर्वसाधारण देखभाल थांबविली. त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं असें मुळींच नाहीं. प्रणालींत वेळोवेळीं जीं भगदाडें सांपडतात आणि ज्यांतून चोरटे आंत शिरतात, तीं फुकट बुजवून देण्याचें काम तेवढें थांबलें. त्यांतही घरगुती ग्राहकांस नांव नोंदविल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय कंपनीनें जाहीर केली होती. तात्पर्य, दिवाळींतल्या त्या दुपारीं कोणतीही घाई नव्हती. आणि अशा कामांत घाईनें जितकें नुकसान होतें तितकें जुन्या यंत्रानें होत नाहीं.

आम्हीं मुलास सांगितलें कीं, आधीं प्रत काढ. त्यानें ओव्यांच्या सर्व फाइली एका पेनड्राइव्हवर उतरवून आणिल्या आणि काम झालें असें तो समजला. परंतु उतरवून घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावांचून ती प्रत झाली असें म्हणतां येत नाहीं. म्हणून आम्हीं ती शाळेच्या संगणकावर उघडिली. पडद्यावर मराठीचें एक अक्षर दिसेना! इंग्रजी अक्षरें, कंस, रेघा, मध्येंच अर्धविराम यांची नुसती दाटी. मुलाचें तोंड उतरलें. "सर, फाइल बिघडली," असें तो म्हणाला. फाइल बिघडली नव्हती. पण ज्यास हें माहीत नाहीं असा कोणीही शहाणा मनुष्य ती केरांत टाकील, आणि आमची खात्री आहे कीं, मराठींतील पुष्कळ लिखाण असेंच केरांत गेलें असेल.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. संगणकास अक्षर कळत नाहीं, क्रमांक कळतो. पूर्वींच्या पद्धतींत एका अक्षरसंचास अवघ्या २५६ जागा असत, आणि त्या मूळ इंग्रजी लिपीच्या सोयीनें भरलेल्या होत्या. मराठीस त्यांत घर नव्हतें. तेव्हां फॉन्ट करणारांनीं एक युक्ति योजिली: क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवावयाचा, पण त्या जागीं चित्र मराठी अक्षराचें काढावयाचें. आजोबा जो कृतिदेव नांवाचा फॉन्ट वापरीत, त्यांत 'मराठी' हा शब्द इ, जे, के, बी, एच या पांच इंग्रजी अक्षरांच्या जागीं ठेविलेला असतो. फॉन्ट जवळ आहे तोंवर 'मराठी' असें दिसतें. फॉन्ट नसला कीं तीं पांच इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात. श्री-लिपी, आकृती, आय.एस.एम. यांच्या जुन्या फॉन्टांतही तत्त्व हेंच होतें, मात्र प्रत्येकाची मांडणी निराळी. म्हणून एकाचें लिखाण दुसऱ्याच्या फॉन्टांत लावलें तर मराठी अक्षरें दिसतात, पण वाक्य लागत नाहीं. हा दोष कोणा एकाचा नव्हे, काळाचा होता.

आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत वाढलेल्यांस येथें फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण व्हावी. त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. भाषा मराठी, छंद ओवी. पण देवनागरी खिळे त्या वेळीं मिळत नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें नकला करून ठेविल्यामुळें; त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापण्यांत आला. दुसऱ्याच्या अक्षरांत भाड्यानें राहण्याची पाळी मराठीवर संगणकाच्या काळीं पहिल्यानेंच आली असें नाहीं.

आतां मराठीस तिचें स्वतःचें घर मिळालें आहे. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत देवनागरी लिपीसाठीं १२८ जागा राखून ठेविलेल्या आहेत, आणि त्या राखतांना आपल्या देशांत आधींच तयार झालेला इस्की हा संकेत पायाभूत धरला होता. 'मराठी' शब्दाचे युनिकोडांतील क्रमांक २३५०, २३५२, २३६६, २३३६ आणि २३६८ असे आहेत. ते जालन्यास, लंडनास किंवा खिशांतल्या मोबाइलवर तेच राहतात. विंडोज-२००० पासून संगणकावर अशी मराठी लिहितां येऊं लागली होती. म्हणजे आजोबांनीं काम आरंभिलें तेव्हां ही सोय होती. पण ते मराठी टंकलेखन-यंत्रावर शिकलेले, बोटांस तीच कळफलकाची मांडणी पाठ, आणि कृतिदेवची मांडणी त्याच वळणाची. या वयांत बोटांस नवें वळण कोण लावील?

कोणी म्हणेल, कृतिदेव फॉन्ट नव्या प्रणालींतही बसवितां येतो. मग रूपांतराचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि निकड असेल तर फाइलींबरोबर फॉन्टची फाइलही उतरवून घेणें हाच पहिला उपाय होय. आम्हींही तेंच केलें. शिवाय जुन्या यंत्रावरच प्रत्येक फाइलीची पी.डी.एफ. काढून घेतली, तींत अक्षरांचे आकार फाइलीबरोबरच बांधले जात असल्यामुळें पान जसें होतें तसेंच कोठेंही दिसतें. विंडोज-दहांत ही सोय छपाईच्या यादींतच असते. परंतु पी.डी.एफ. झाली तरी आंतले क्रमांक जुनेच राहतात. अशा लिखाणांत 'गोदावरी' हा शब्द शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं, आणि ती ओवी पुण्यास असलेल्या आत्याच्या मोबाइलवर पाठविली तर तेथें पुन्हां तीच कंसांची आणि अर्धविरामांची दाटी दिसते. म्हणून रूपांतर करावयाचें ठरलें.

रूपांतर करून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात आणि शंभर पानें क्षणांत पालटतात. खरा वेळ पुढें तपासण्यांत जातो. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टाइप करीत, कारण ती डोळ्यांस आधीं दिसते. युनिकोडांत ती अक्षराच्या मागून येते, कारण ती मागून उच्चारिली जाते. रफाराचें याच्या उलट: तो जुन्या पद्धतींत अक्षरानंतर, आणि नव्यांत आधीं. साध्या अक्षरांवर प्रोग्राम हें बरोबर फिरवितो. पण 'स्थिति', 'मूर्ति' असे जोडाक्षरांचे शब्द आले कीं वेलांटी कधीं भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. सर्वांत घात होतो तो आपल्या मराठीच्या खास 'ऱ्य'चा. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'सोयऱ्या' यांतला र हा रफार नव्हे. आमच्या प्रोग्रामाच्या कर्त्यास हा भेद ठाऊक नसावा, कारण त्यानें सरसकट सर्वत्र रफार देऊन ठेविला होता.

या चुका काढल्या त्या त्या मुलाच्या आजींनीं. त्यांस लिहितां-वाचतां येत नाहीं. नातू रोज संध्याकाळीं त्यांच्यापाशीं बसून रूपांतरित पान मोठ्यानें वाची, आणि चूक आली कीं त्या हात वर करीत. एके दिवशीं आम्ही तेथें होतों. वाऱ्याविषयीं एक ओवी होती. मुलानें पडद्यावर होतें तसें, र वर रेटून वाचिलें. "आसं न्हाई बाळा, वाऱ्यानं म्हण, वाऱ्यानं," असें म्हणून आजींनीं ती ओळ गाऊन दाखविली, आणि मग तेवढ्यावर न थांबतां पुढच्या दोन ओव्याही म्हटल्या. त्या दोन फाइलींत नव्हत्याच! आजोबांनीं गाळल्या कीं त्यांस सांगितल्याच नव्हत्या, कोण जाणे. मुलानें त्या तेथल्या तेथें लिहून घेतल्या.

आणखी एक सूचना. आजोबांची लेखनपद्धति जुन्या वळणाची होती. १९६२ सालच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्यांस ते सोडवले नाहींत, आणि आम्हांसही सोडवत नाहींत हें वाचक पाहतच आहेत. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम अशा प्रत्येक शब्दाखालीं तांबडी रेघ ओढतो आणि दुरुस्ती सुचवितो. ती मान्य करूं नये. पूर्वजांचें लिखाण सुधारणें हा निराळा उद्योग आहे.

हें सर्व होईपर्यंत यंत्रास आम्हीं हात लाविला नव्हता. आतां त्याकडे वळूं.

यंत्र २०१८ सालचें निघालें. विंडोज-अकरा ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आली, आणि तिच्या अटी पूर्वींपेक्षां कडक आहेत: निदान ४ जी.बी. रॅम, ६४ जी.बी. साठवण, इंटेल कंपनीचा प्रोसेसर असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा, यू.ई.एफ.आय. पद्धतीनें सुरक्षितपणें सुरू होण्याची सोय, आणि टी.पी.एम. नांवाची गुप्त किल्ल्या सांभाळणारी तिजोरी, तीही दुसऱ्या आवृत्तीची. यंत्र पात्र आहे कीं नाहीं हें सांगणारा 'पी.सी. हेल्थ चेक' नांवाचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट फुकट देते. त्यानें आमच्या या यंत्रास अपात्र ठरविलें. दुरुस्तीवाल्यानेंही बहुधा एवढेंच पाहून यंत्र मोडींत काढावयास सांगितलें असावें. परंतु अपात्र कां, हें विचारावयास नको काय? प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे चालण्याजोगा होता. तिजोरी यंत्रांतच होती, पण बंद करून ठेविलेली. यंत्र सुरू करतांना जी मूळ मांडणीची पाटी उघडतां येते, तेथें इंटेलच्या यंत्रांत ती 'पी.टी.टी.' आणि ए.एम.डी.च्या यंत्रांत 'एफ.टी.पी.एम.' या नांवानें आढळते. ती चालू केली, सुरू होण्याची पद्धत जुनीवरून यू.ई.एफ.आय.वर नेली, आणि यंत्राचे दोन्ही दोष नाहींसे झाले. एक पैचाही खर्च आला नाहीं.

सावधगिरी मात्र एक सांगितली पाहिजे. ज्या यंत्रांत डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद केलेली असते, तेथें ही मांडणी बदलतांच ४८ आंकड्यांची किल्ली विचारली जाते. ती आधींच शोधून कागदावर लिहून ठेवावी. ती हरवली तर डिस्क शाबूत असूनही उघडत नाहीं.

त्या यंत्राची दुसरी एक गोष्ट खरी अडचणीची होती. आजोबांच्या सवयीचा एक जुना प्रोग्राम आणि जुना प्रिंटर यांच्यासाठीं त्यावर विंडोज-दहाची ३२-बिट आवृत्ति घातलेली होती. विंडोज-अकरा केवळ ६४-बिटच मिळते, आणि ३२-बिटावरून ६४-बिटावर जागच्या जागीं चढतां येत नाहीं. सर्व पुसून नव्यानेंच मांडावें लागतें. म्हणजे मुलानें त्या दुपारीं आपला बेत तडीस नेला असता, तर ओव्या गेल्या असत्या. ज्यांच्या यंत्रावर आधींच ६४-बिट आहे त्यांस फाइली न हलवितां वर चढतां येतें, जुनी डिस्कची मांडणी 'एम.बी.आर.टू.जी.पी.टी.' या साधनानें पालटतां येते, आणि पसंत न पडल्यास १० दिवसांच्या आंत माघारीही येतां येतें. अर्थात् माघारीची वाट आहे म्हणून प्रत न काढणें हा मूर्खपणा होय.

आम्हीं जुनी डिस्क पुसलीच नाहीं. ती बाहेर काढून तिच्या जागीं २५६ जी.बी.ची नवी एस.एस.डी. बसविली, रॅम ४ची ८ केली. शुभवर्तमानांतील नव्या द्राक्षारसाचा आणि जुन्या बुधल्यांचा दृष्टांत मुलांस ठाऊक आहे. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क ही तसलीच बुधली समजावी, विंडोज-अकरा तिच्यावर चालते, पण कुंथत. यंत्र उघडलेंच होतें, म्हणून आंतली धूळही काढिली. काळ्या मातीच्या मुलखांतली धूळ आणि छपाईच्या कागदाची भुकटी मिळून पंख्यावर नमद्यासारखा थर बसला होता. घड्याळाचा बटणासारखा सेल, सी.आर. २०३२ या क्रमांकाचा, तोही बदलला. कारण यंत्र दर वेळीं तारीख विसरत होतें, आणि तारीख चुकली कीं सुरक्षित संकेतस्थळें त्या यंत्राशीं बोलावयास नकार देतात. हा सेल कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो.

नवी प्रणाली उतरवून घ्यावयाची फाइल ५ जी.बी.हून मोठी असते. मोबाइलच्या रोजच्या ठराविक डेट्यावर ती खेड्यांत उतरविणें हें दिव्यच; म्हणून ती शाळेंत उतरवून ८ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर घातली. यासाठीं पेनड्राइव्ह कोरा घ्यावा, कारण त्यांतलें सर्व पुसलें जातें. बसविण्याचें काम घरीं न करतां दुकानांत केलें, तेथें इन्व्हर्टर आहे म्हणून. दुकानाच्या कामास लागणारें बोटांचे ठसे घेण्याचें यंत्र आणि डिजिटल सहीची किल्ली यांचे ६४-बिट चालक प्रोग्राम मिळतात कीं नाहीं हें आदल्या दिवशींच पाहून ठेविलें होतें. दोन्हींचे मिळाले. जुन्या प्रिंटरचा मिळाला नाहीं. तो आतां नव्या यंत्रावर चालत नाहीं, आणि त्यास इलाज नाहीं. प्रणालीचा परवाना जुनाच चालला, निराळा विकत घ्यावा लागला नाहीं.

सर्वच यंत्रें अशीं सुटत नाहींत. शाळेच्या प्रयोगशाळेंत तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचे संगणक आहेत. त्यांस कोणतीही कळ फिरवून पात्र करतां येत नाहीं. अटी चुकवून विंडोज-अकरा बसविण्याच्या युक्त्या मुलें आम्हांस मोठ्या उत्साहानें दाखवितात, पण अशा यंत्रांस पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाहीं, म्हणून आम्हांस त्या पसंत नाहींत. त्यांवर आम्हीं लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली घातली. तींत इनस्क्रिप्ट कळफलकानें मराठी उत्तम लिहितां येतें, आणि मुलें दोन दिवसांत रुळलीं. शिक्षकांस थोडा अधिक वेळ लागला.

वडीगोद्रीचें यंत्र आतां दुकानांत रोज चालतें. ओव्यांच्या तीन प्रती आहेत: एक त्या यंत्रांत, एक पेनड्राइव्हवर घरच्या पेटींत, आणि एक पुण्यास आत्याकडे. जुनी डिस्क कापडांत गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटांत ठेविली आहे, आणि शेवटचें पान आजींपुढें वाचून होईपर्यंत ती पुसावयाची नाहीं असें ठरलें आहे. निम्म्याहून अधिक पानें झालीं आहेत. परीक्षेमुळें वाचन सध्यां थांबलें असून तें मे महिन्याच्या सुटींत पुन्हां सुरू व्हावयाचें आहे. आजी मात्र रोज संध्याकाळीं विचारतात.